साखरपुड्याआधी रक्त

प्रिय मंजू,

पत्र मुद्दाम गुलबर्ग्याला, तुझ्या हॉस्टेलच्या पत्त्यावर टाकायलोय. फोनवर माझं बोलणं मधेच अडतं, अन् तू घरी गेलीस की तुझा फोन मामीच्या हातात असतोय.

इथं बेंगळुरात काम बरं आहे. संशोधनवाल्यांच्या उंदरांचे पिंजरे धुतो. पण मन थाऱ्यावर न्हाई. धुतलेला पिंजरा परत उचलून धुतो. मुकादम भीमण्णा आपल्या औरादचा, म्हणाला, "काय रे, उंदराचं लगीन हाय का?"

विजूअक्काचं बाळ डोळ्यांसमोरून हलत न्हाई. सारखा खोकला, सारखी हगवण. बसायला शिकलं अन् गेलं. मामी म्हणाली, "सुनेच्या दुधातच खोट हाय." अक्काचा नवरा असून तुझा दादा उठून बाहेर गेला. हैदराबादच्या डॉक्टरांनी जीनचा दोष सांगितला होता, तो कुणाच्या डोक्यात शिरला न्हाई. मी इथल्या मॅडमना विचारलं.

त्या म्हणाल्या, अंगात टी पेशी असतात, राखणदार. रोग शिरला की दुसऱ्या पेशी त्याचा तुकडा हातात धरून त्यांना दाखवतात, मग ते लढायला उठतात. तो हात बनवणाऱ्या जीन बाळाकडं चांगल्या होत्या. त्यांना चालू करणारी जीनच बिघडलेली. मला आपली बोअर आठवली. मोटार चांगली, पाणी भरपूर, अन् स्टार्टर जळालेला. राखणदारांना कुणी उठवलंच न्हाई गं. अक्काला फोनवर हे सांगितलं, ती लई रडली.

हा बिघाड आईकडून अन् बापाकडून, दोन्हीकडून यावा लागतो. एकाच बाजूनं आला तर माणूस धडधाकट फिरतो. अक्का माझी बहीण, अन् दादा तुझा भाऊ, म्हणजे तो तुझ्यामाझ्यातही असू शकतो. मामाची पोरगी करताना आपल्याकडं कोण काय विचारतंय? किशनमामा तर दिवाळीनंतर आपला साखरपुडा धरून बसलेत. मलाही तेच पाहिजे होतं. अजून पाहिजे.

मी रक्त तपासून घेतलं, मंजू. माझ्यात तो बिघाड आहे. गुलबर्ग्यातूनच तुझं रक्त इकडं पाठवता येतं. मॅडमनी दिलेला डॉक्टरांचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. सुट्टीला भालकीला जायच्या आधी दे. तुझ्यात नसलं तर मी पहिल्या गाडीनं येतो. असलं तर मॅडम म्हणतात तरी वाट असते, पोटातलं बाळ तपासता येतं. मला तेवढा धीर न्हाई. तसं निघालं तर लग्न नको असं तूच म्हण. माझ्या तोंडून ते निघणार न्हाई.

काहीही निघालं तरी तुझाच,
बालाजी