सुरगाण्याचं बी

३ जानेवारी
सेमिनारमध्ये मी स्लाइड दाखवली : प्राचीन फर्नचं पान. चैताली, नोकरीला जेमतेम चार वर्षं, मागून उठली. "सर, हे फर्न नाही. पान फर्नसारखं, पण याला बिया यायच्या." पोरं हसली. एकतीस वर्षं बॉटनी शिकवतोय मी. सोडणार नाही.

४ जानेवारी, सकाळ
पुस्तक उघडलं. फर्नला बी नसतं. पण छत्तीस कोटी वर्षांपूर्वी बी धरणारी झाडं आली, त्यातली काही थेट फर्नसारखी. पानं एकीकडे, बिया दुसरीकडे सापडल्याने मोठमोठे शास्त्रज्ञ फसले. म्हणजे मी त्यांच्याच रांगेत. संकल्प : पानाला चिकटलेलं बी शोधून तिच्या टेबलावर आपटायचं.

११ जानेवारी
सुरगाणा. जीपमध्ये अर्धा बाहेर लटकून. गेणू नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीच्या ढिगाऱ्यात राखाडी दगड फुटलेला, आत काळंभोर पान! गेणू म्हणाला, असे दगड इथं लय हायेत, आम्ही पायरीला लावतो. बिचारा.

१५ जानेवारी
भिंगातून पाहिलं. पानाच्या टोकाला गोल ठिपका. बी. बायकोला, मालनला, दाखवलं. डाग दिसतोय म्हणाली. तिला दाखवणं बंद.

१९ जानेवारी
प्लॅन पक्का. २८ला कॉलेजचं प्रदर्शन. सगळ्यांदेखत विचारणार, मॅडम, हे काय? अडखळेल. माफी मागेल. मार्चपर्यंत द्यायची नाही.

२७ जानेवारी
भाषणाची रिहर्सल. 'अर्धवट ज्ञान' या शब्दांवर पॉज.

२८ जानेवारी, दुपार
प्रदर्शन साडेअकराला. ती दहालाच आली, दगड उचलला, दार लोटून घेतलं.
"सर, हा बेसॉल्ट. लाव्हाचा दगड. त्यात पान जळून गेलं असतं."
मग ही नक्षी कसली, मी विचारलं.
"फटीत पाणी झिरपतं, मँगनीज साठतं. हुबेहूब पान दिसतं. एमएस्सीला मीही फसले होते."
तिने ओल्या बोटाने बी पुसलं. गेलं. चिखल होता.
कुणाला सांगणार नाही म्हणाली. हे तर जास्तच झोंबलं. दगड बॅगेत टाकला. प्रदर्शनात रिकाम्या टेबलामागे दोन तास उभा.

३१ जानेवारी
तिने विचारलं, फर्स्ट इयरला 'फसवे जीवाश्म' तुम्हीच शिकवाल का? नाही म्हणायचं ठरवून हो म्हणालो. सूड रद्द नाही, पुढे ढकललाय. लेक्चर सोमवारी. विषयातलं काही येत नाही. नोट्स तिच्याच मागितल्या. लगेच पाठवल्या. वर लिहिलंय : सरांसाठी, सोप्या भाषेत.