स्लो बसला, बाबा

बाबा, तुमची गाडी मी भंगारात देणार होते. पयलेच सांगून टाकते, म्हणजे तुमाला जो राग यायचा तो आत्ताच येऊन जाईल. उद्या सोमवारी भंगारवाला येणार होता. पुण्याहून दादाचा फोनवर फोन, "विकून टाक ती डबडी, एकटी बाई रस्त्यात अडकून बसशील कुठंतरी." आणि अडकलेच होते ना! हिंगोलीहून दवाखान्याची ड्युटी करून येताना आपल्या नाक्यावर, ऐन धाब्यांसमोर ब्रेक दाबला आन् गाडी बंद. जेवणारी माणसं उठून आली, ढकलली. त्यातला एक म्हणे, "ताई, आता बैल जुंपा हिला." सगळे हसले. मी पण हसले, पण घरी येऊन रडले. तुमी असते तर त्यालाच जुंपला असता.

झालं असं की, इंजिनात हवा सोडणारी ती झडप, थ्रॉटल बॉडी म्हणतात तिला, पार झिजली होती. कंपनीची मिळंना. हिंगोलीच्या मेकॅनिकनं बाहेरची आणून बसवली आन् तवापासून स्लो बिघडला. गाडी उभी असताना, पाय न लावता इंजिन जे निवांत चालतं, त्याला तुमीच स्लो म्हणायचे. तो कधी भसाभस वर चढायचा, कधी खाली येऊन जीवच सोडायचा. मेकॅनिकनं दोनदा पाहिलं आन् हात झटकले. "बराबर आहे ताई, गाडीच म्हातारी झाली." मला म्हातारी म्हणाल्यासारखं लागलं ते. आई गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय आवाज करणारी ही एकच वस्तू आहे, बाबा. ती पण भंगारात दिली तर सकाळी अंगणात कोण बोलेल?

मला आठवते तुमची ती पेट्रोलची जीप. नरसीला जाणारी माणसं ओट्यावर चहा पिऊन राहिलीत, दर्शनाची घाई सगळ्यांना, आन् तुमी बॉनेट उघडून निवांत उभे. पुढच्या दांडीला जयंतीचा निळा झेंडा अजून तसाच. तुमी इंजिनावर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास ठेवता आन् मला म्हणता, "पाण्यावर नजर ठेव. नुसतं शहारलं तर चालतं, उडी मारली तर मला सांग." मग स्क्रूड्रायव्हरनं कार्बोरेटरचा स्क्रू जरासा इकडं, जरासा तिकडं. एकदा मी मधेच बोट घातलं तर केवढ्यानं खेकसले होते! "हात काढ! इंजिनाला कान द्यायचा असतो, हात न्हाई." चहा पिणाऱ्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण स्लो बसला की तुमी त्याच ग्लासातलं अर्धं पाणी प्यायचे आन् उरलेलं मला द्यायचे. कोमट, पेट्रोलचा वास मारणारं. मी नाक मुरडून प्यायचे, पण दुसऱ्या कुणाला देऊ द्यायचे न्हाई.

ही गाडी तुमी शेवटी शेवटी घेतली, आन् तिच्यावर तुमचा कधीच भरवसा बसला न्हाई. "हिच्यात कंप्युटर बसवलाय, म्हणजे हिचा माझ्यावर इश्वास न्हाई," म्हणायचे. मी तुमचीच लेक ना. नवीन झडप बसल्यावर स्लो बिघडलेला दिसला की मी सरळ स्क्रूड्रायव्हर घेतला आन् तिचा स्क्रू पिळला. आपल्या घरात दुसरं शिकवलं कोणी? मग मोबाईलवर एक माणूस हिंदीत सांगताना दिसला, त्या स्क्रूला हातच लावायचा नसतो. स्क्रू पिळला की झडप जराशी उघडी राहते, कंप्युटरला वाटतं ताईचा पाय हाये, आन् तो गोंधळतो. मी त्या मोबाईललाच शिव्या दिल्या. तुमचं चुकलं असं कोणीतरी परकं माणूस सांगून राहिलं, आन् तुमच्या बाजूनं भांडायला तुमी न्हाईत.

तरी आज सकाळी बॉनेट उघडलंच. इंजिन चालू ठेवून झडपेच्या जोडावर थोडं थोडं पाणी सोडलं तर एका कोपऱ्यात आवाज बदलला, म्हणजे तिथून चोरून हवा शिरत होती. नव्या झडपेसोबत आलेलं गॅस्केट, जोडातून हवा शिरू न देणारी ती चकती, नीट बसतच नव्हतं. मग जाड कागद घेतला, झडपेच्या काठावर ठेवून हातोडीनं हळूहळू ठोकला, जसा तुमी ठोकायचे, आन् अगदी मापात कापला गेला, तोच गॅस्केट म्हणून बसवला. हे तुमचं. स्क्रू मात्र मूळच्या पिवळ्या खुणेवर परत नेला. हे त्या मोबाईलवाल्याचं. कंप्युटरनं जुनं सगळं विसरावं म्हणून बॅटरीची तार काढून ठेवली, चहा केला, तार परत जोडली. आता गाडी सुरू करायची आन् इंजिनाचा पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत कशालाच हात लावायचा न्हाई. कंप्युटर आपलं आपण शिकतो म्हणे. आधी स्लो उगीच वर चढला, मग मरायला टेकला. माझा पाय शिवशिवला. तवा तुमची खेकसणी आठवली, हात काढ. मी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घालून बसले.

मग स्लो बसला, बाबा. इतका गुळगुळीत की तुमी पण नावं ठेवली नसती. ठेवलीच असती म्हणा, तुमची खोडच ती. भंगारवाल्याला फोन करून सांगितलं, येऊ नको. उतरून ग्लास भरला आन् इंजिनावर ठेवला. पाणी नुसतं शहारून राहिलं. बराच वेळ पाहत उभी राहिले, मग अर्धं प्यायले. उरलेल्या अर्ध्याचं काय करावं ते सुचेना, म्हणून ते पण मीच प्यायले.

हा लिहिलेला कागद गाडीच्याच कप्प्यात ठेवते, तुमच्या स्क्रूड्रायव्हरखाली. दुसरीकडं कुठं पाठवणार? पण एक खरं सांगते. गाडी बिघडली होती ना, तवा मला मनातून बरं वाटत होतं. रोज काहीतरी तुमाला विचारायला होतं. आता नीट झाली.