लाकडाच्या खोलीतली जागा

यरुशलेम,
किसलेव महिन्याची चौथी

प्रिय अमऱ्यादादा,

तुला आणि वहिनीला शांती असो. मी बरा आहे. यरीहोहून पाठवलेली खजुराची टोपली पोचली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुला माझी आठवण झाली, म्हणून आधी पत्र वाचलं आणि मगच खजूर तोंडात टाकला. आमच्या लाकडांच्या खोलीतला कुबडा याकीम लगेच म्हणाला, "भावाचे खजूर? मागतोय काय तो?"

म्हाताऱ्याने तुला कधी पाहिलेलंही नाही.

तुझ्या डाव्या डोळ्यात मोहरीएवढा पांढरा ठिपका आलाय. येत्या शब्बाथला मंदिरात आपल्या याजक घराण्याची सेवेची पाळी सुरू होते. धूप जाळायचा मान याजकाला जन्मात एकदाच मिळतो आणि तुला तो अजून मिळालेला नाही. तेव्हा हनानेल तपासनिसाला मी सांगावं की डोळ्याकडे कानाडोळा कर. असंच ना?

लाज कशी वाटली नाही रे तुला? व्यंग असलेल्याने वेदीपाशी जाऊ नये, हा नियम मला कोणी शिकवला? माझा मोडलेला पाय वाकडा जुळला तेव्हा मी तपासणीला नुसता ताठ उभा होतो. हनानेलला माझी दया आली होती, तो मान फिरवणार होता. तेवढ्यात मागून माझ्या सख्ख्या भावाचा आवाज आला, "उभं काय करता? चालवून बघा की त्याला!"

मी चार पावलं चाललो. तेवढी पुरली.

तेव्हापासून व्यंग असलेल्या इतर याजकांसोबत बसून वेदीची लाकडं निवडतो. एकेक ओंडका फिरवून बघायचा, कीड दिसली की बाजूला टाकायचा. भाकरीचा, मांसाचा वाटा मिळतो, उपाशी नाही. पण तुम्ही पायरीवर हात उंचावून लोकांना आशीर्वाद देता तेव्हा माझ्या हातात ओंडका असतो, आणि मला रडू येतं. अजूनही येतं.

आई शेवटपर्यंत विचारायची, "शलेम्या, तू तर बकरीसारखा चढायचास. मग घसरलास कसा रे?" मी सांगायचो, दगडावर दव होतं. हनानेललाही तेच सांगितलं.

आणि तू लिहितोस, "तू घसरलास त्या दिवसापासून मला तुझी काळजी वाटते." मला लिहितोस? अरे, निदान मला तरी नको!

त्या पहाटे वेदीच्या चढावर जो पहिला पोचेल त्याला राख काढायचा मान होता. मी दोन पावलं पुढे होतो. दगड कोरडा होता. तुझा पंजा माझ्या पाठीत बसला. मी खाली कोसळलो, ओरडलो, आणि तू वर गेलास. राख काढून झाल्यावर मग खाली बघितलंस.

हनानेलशी बोललो. माझा भाऊ येतोय, त्याला उन्हात उभं करून डोळा बघा, असं सांगितलं. आणि दव नव्हतं, हेही सांगितलं.

याकीमने सरकून बाकावर तुझ्यासाठी जागा केलीय. नीट दिसत नाही म्हणून घाबरू नकोस. कीड बोटांना कळते. तुझा हात धरून मी शिकवेन.

तुझा धाकटा भाऊ,
कधीही न घसरलेला
शलेम्या