जुन्या सर्व्हरवर राहिलेली साइट

४ फेब्रुवारी

हलवली! साइट एकदाची त्याच्या सर्व्हरवरून माझ्या सर्व्हरवर आली. घटस्फोटात भांडी, कपाट, स्कूटर, सगळ्याची वाटणी झाली, आणि जिच्यावर माझं पोट चालतं ती साइट तेवढी त्याच्या होस्टिंगच्या खात्यावर पडून होती. म्हणजे माझ्या दुकानाची किल्ली त्याच्या खिशात. आज ती काढून घेतली. साइटचं नाव तेच, पत्ता तोच, फक्त मुक्काम बदलला. नवा होस्टिंगवाला म्हणाला, वाचणाऱ्याला पत्तासुद्धा लागणार नाही.

आई म्हणाली, "चांगलं चालू होतं ते कशाला हलवायचं?" म्हटलं, तुझा जावई आता जावई राहिलेला नाही हे तुला कितीदा सांगू. तर म्हणे, माणूस वाईट नव्हता. नव्हता ना, मग तूच राहायचंस त्याच्याबरोबर.

६ फेब्रुवारी

जुन्या पायमशीनचं खालच्या दोऱ्याचं शटल खोललं, साफ केलं, फोटो काढले, साइटवर पान लिहिलं. शिलाई मशीन दुरुस्त करणारे छप्पन्न आहेत. पण टाका का सुटतो, दोरा खाली का गुंततो, सुई सारखी का मोडते हे फोटोसकट लिहून ठेवणारी मी एकटी. लोक गूगलवर विचारतात, माझं पान निघतं. वाचतात, स्वतः खटपट करतात, होतं त्याहून बिघडवतात आणि मग मला फोन करतात. असा धंदा आहे माझा. झकास चालतो.

१७ फेब्रुवारी

चालत होता म्हणायला हवं. शोधातून किती लोक साइटवर आले ते दाखवणारी रेघ आज बघितली, तर सरळ खाली गेलेली. तळाला टेकायची तेवढी बाकी.

होस्टिंगवाल्याला फोन लावला. "ताई, होस्ट बदलला की थोडे दिवस असं होतं. नवा सर्व्हर आहे, गूगलला ओळख पटायला वेळ लागतो." ओळख पटायला? मी काय काल आले? म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुम्ही घाईत होता.

मला वेगळाच वास येतोय. आईच्या त्या माजी जावयानेच काहीतरी करून ठेवलंय. जन्मभर लोकांच्या साइट बनवतोय, एकीची बिघडवणं त्याच्या डाव्या हातचा मळ.

२१ फेब्रुवारी

दादा आला. खुर्चीत बसायच्या आधीच टेबलावरच्या मशिनी डोळ्यांनी मोजल्या. दुरुस्तीला आलेल्या किती कमी झाल्यात, ते तेवढ्यात कळलं त्याला. "मार्चअखेरपर्यंत बघ. नाही जमलं तर ही खोली सोड, आईला घेऊन घरी ये. माझ्या गल्ल्यावर विश्वासाचं माणूस हवंच आहे."

फरशांच्या दुकानात गल्ल्यावर! लोक फरशा दाखवा म्हणतील, मी फरशा दाखवीन. वहिनी चहा पाठवील आणि संध्याकाळी पाहुण्यांना सांगेल, आम्हीच सांभाळतो हो दोघींना. त्यापेक्षा फुटपाथवर सुया विकीन. दादाच्या तोंडावर मात्र नुसतं "बघते" म्हटलं. आई शेजारी बसून मान हलवत होती, त्याच्या बाजूने.

२८ फेब्रुवारी

साइटवर चिटपाखरू नाही. पण फोन येतायत! कमी झालेत, पण येतायत. आज एका शिंपिणीचा आला, तिच्या मशीनचा टाका सुटतोय. उद्या घेऊन येते म्हणाली. परवा एका शाळेचा आला होता, शिवणाच्या वर्गातल्या सगळ्या मशिनी बघायच्यात.

आई म्हणते पुण्याई. पुण्याई कसली? काम. लोक एकमेकांना नंबर देतात. गूगल गेलं खड्ड्यात, माझं नाव अजून आहे म्हणायचं.

५ मार्च

चोर सापडला.

सहज म्हणून स्वतःच गूगलवर टाका सुटण्याचं शोधलं. माझं पान वरच निघालं! पण खाली पत्ता माझा नाही. जुन्या होस्टिंग कंपनीचं नाव असलेला कुठला तरी लांबलचक पत्ता. उघडलं. माझंच लिखाण, माझेच फोटो. त्याने जुनी प्रत काढलेलीच नाही! खाली फोन नंबर अजून माझा आहे, पण आज माझा आहे, उद्या स्वतःच्या कुणाचा तरी टाकेल. तळपायाची आग मस्तकात गेली.

होस्टिंगवाल्याला विचारलं. म्हणाला, जुन्या कंपनीचा स्वतःचा असा एक पत्ता असतो, प्रत काढली नाही तर साइट तिथून उघडत राहते. आणि एकच मजकूर दोन ठिकाणी असला की गूगल त्यातला एकच दाखवतं. बरोबर. आणि दाखवतंय त्याच्याकडचा!

६ मार्च

त्याला फोन केला. कोर्टानंतर पहिल्यांदाच. मी सुरूच झाले. तो थंड. हाच त्याचा थंडपणा सगळी वर्षं माझ्या डोक्यात जायचा. "थोडे दिवस राहू दे ती. तुझी नवी साइट शोधात दिसायला लागली की मी काढतो."

माझी साइट दिसण्याची काळजी याला! बोक्याला दुधाची काळजी. म्हटलं, माझी साइट मी बघेन, तुझ्याकडची उद्यापर्यंत काढ. समूळ. एक फोटो ठेवायचा नाही, कुठे प्रत ठेवायची नाही. नाहीतर वकिलाची नोटीस येईल. तर "नक्की?" म्हणाला. पुन्हा म्हणाला, "नक्की?" मी काय भाजी घेत होते?

आई आतून ऐकत होती. "इतकं टोचून बोलू नये गं." संध्याकाळी माझ्याबरोबर जेवायला बसली नाही. नको बसूस.

७ मार्च

त्याचा एकच शब्द आला. "काढलं." उघडून बघितलं, खरंच गेलंय. नोटिशीचं नाव काढल्यावर कसा वठणीवर आला! सुंठीवाचून खोकला गेला.

१४ मार्च

फोन नाही. आठवडाभरात एकही नाही.

१९ मार्च

अजून नाही. आईला तिच्या फोनवरून मला फोन करायला लावला. वाजला. म्हणजे फोन ठीक आहे. मग हा माझ्याबद्दल लोकांना काही सांगत तर नाही ना फिरत? त्याचा काही भरवसा नाही.

दादाचा मात्र आला. "काय म्हणतोय धंदा?" म्हटलं, उत्तम.

२४ मार्च

शाळेच्या मशिनी झाल्या, नेल्या. आता टेबलावर फक्त माझी स्वतःची मशीन. तिलाच तेल घातलं. काल घातलं होतं तरी घातलं.

आई म्हणाली, "त्यालाच विचार ना एकदा. त्याला कळतं त्यातलं." मी ताट आपटलं. मग ती रडली आणि मलाच वाईट वाटलं, त्याचा आणखी राग आला. होस्टिंगवाल्याला सांगितलं, आता मागचं-पुढचं सगळं उघडून बघ. त्याने जाता जाता आत काहीतरी पेरून ठेवलंय, माझी खात्री आहे.

२६ मार्च

सापडलं. साइट नीट बसेपर्यंत ती शोधात दाखवू नये, अशी एक खूण नव्या सर्व्हरवर करायची असते. ती मीच करायला लावली होती, अर्धवट काम त्याच्या दृष्टीला पडून त्याला हसायला मिळू नये म्हणून. नंतर काढायची राहिली. माझी साइट गूगलला पहिल्या दिवसापासून बंद आहे. आज खूण काढली, पण पूर्वीसारखं वर यायला काही महिने जातील.

"मग मार्चच्या सुरुवातीपर्यंत तुम्हाला फोन कुठून येत होते, ताई?" होस्टिंगवाल्याने विचारलं.

त्याच्याकडच्या त्या जुन्या प्रतीवरून. सगळेच्या सगळे.

दादाला फोन करून गल्ल्यावर किती वाजता यायचं ते विचारलं. "दहाला ये, सावकाश ये," म्हणाला. इतक्या मायेने म्हणाला की भांडताही आलं नाही.