कोतवाल हजर ठेवणेबाबत

७ मे १९३४, नंदुरबार
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. अव्वल कारकुनाची जागा रिकामी होते आहे, आणि नवे प्रांतसाहेब पक्ष्यांचे शौकीन निघाले. आज कचेरीत त्यांनी विचारले, कोतवाल पक्ष्याची माहिती कोणाला आहे? मी उभा राहिलो. कोतवाल नावाचा पक्षी असतो हे मलाही तेव्हाच कळले, पण बाकीचे बसून होते. साहेब म्हणाले, ४ जूनला तापीकाठी प्रकाशा गावी मुक्काम आहे, तिथे त्याचे घरटे आणि पिले दाखवा. म्हणजे जागा माझीच.
संकल्प: रोज पहाटे चारला उठून निरीक्षण.

८ मे
साडेआठला उठलो. दोष माझा नाही. समोरच्या तारेवर एक काळे मेले पाखरू उजाडायच्या आधीच कर्कश ओरडते. झोपेचे खोबरे. मग भरपाई करावी लागते.

१३ मे, रविवार
दिवसभर खिडकीत बसलो. कोतवाल आला नाही. काळ्याचा मात्र सतत व्यत्यय. अंगाने बुलबुलाहून थोडे मोठे, रंग कुळकुळीत, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. तारेवरून सूर मारते, हवेतच किडा धरते, परत त्याच जागी येऊन बसते. म्हशी चरायला निघाल्या की त्यांच्या पाठीवर फुकट फिरते आणि गवतातून उडालेले टोळ मटकावते. असल्या रिकामटेकड्याकडे बघण्यात माझा रविवार गेला. खरा कोतवाल हुद्द्याप्रमाणे तुरेवाला असावा.

१७ मे
अंगणात ससाणा ओरडला. मी आत पळालो. साळुंक्याही उडाल्या, एकीच्या चोचीतली अळी खाली पडली. पाहतो तर काळेच! ससाण्याचा आवाज काढून त्याने ती अळी लांबवली. शुद्ध चारशेवीस. छत्री घेऊन निंबाखाली हाकलायला गेलो, तर माझ्या टाळूवर दोनदा टोच मारली. ही म्हणाली, वर त्याचं घरटं असेल, उगाच कशाला जाता? हिला पक्ष्यांतले काय कळते!

२५ मे
टाळूला हळद चालू. शिवाय पहाटे उठणे हे शिपायाचे काम. कारकुनाने लिहावे. प्रकाशाच्या हिंमतराव पाटलांना हुकूम लिहिला: "साहेबबहादूर यांस कोतवाल, त्याचे घर व पिले पाहावयाची आहेत. ४ जून रोजी सकाळी सर्व हजर ठेवावे. कसूर होऊ नये."
कागद न्यायला वाहरू शिपाई. तो म्हणाला, "रावसाहेब, पाखरू का मानूस, तेवढं लिखी द्या." मी झापले. सरकारी कागदात पाखरू हा शब्द शोभत नाही.

४ जून, प्रकाशा
पाटील हार घेऊन उभे. शेजारी गावचा कोतवाल लोटन, नवे धोतर, बिल्ला घासलेला. त्याचे घर पांढऱ्या मातीने सारवलेले. दारात त्याची बायको रुखमाबाई, आणि चार पोरे तेल लावून उंचीप्रमाणे रांगेत. पाटील म्हणाले, हुकुमाप्रमाणे सगळं हजर शे. "पाचवं मामाना घर शे, बलावाले मानूस धाडेल शे."
साहेबांनी माझा कागद मागून घेतला. दोनदा वाचला.
लोटनच पुढे झाला. वर बोट दाखवून म्हणाला, "साहेब, निंबवर बठेल शे तो खरा कोतवाल. मी ते नुसता सरकारना. त्याले पगार नही, तरी कावळाले येवू देस नही. त्याना जोरवर होल्यासारखी गरीब पाखरंबी त्याच झाडवर अंडा घालतस."
वर पाहिले. तेच काळे! दोन फांद्यांच्या बेचक्यात घरटे, तीन उघड्या चोची.
साहेब लोटनच्या खाटेवर दोन तास बसले. त्याच्या हातचा चहा प्याले. मला एकच विचारले, हा पक्षी तुम्ही कधी पाहिलाच नाही? मी ताठ मानेने सांगितले, नंदुरबारात नसतो. त्यांनी वहीत काहीतरी टिपले. बहुधा माझे नाव.

१८ जून, नंदुरबार
हुकूम येऊन चार दिवस झाले. अव्वल कारकून धुळ्याहून येतो आहे. लोटनला साहेबांनी पावसाळ्यानंतरच्या दौऱ्यावर पक्षी दाखवायला बोलावले आहे. कागदात तो 'रा. रा. लोटन', मी 'सदर इसम'. माझी बदली अक्राणीला, धडगावात.
वाईट वाटले. खोटे कशाला लिहू, फार वाईट वाटले. पण सातपुड्यात पक्षी विपुल असतात. साहेबांनी माझा व्यासंग ओळखूनच धाडले, हे हिला नीट समजावले. तिथला हिवताप लोक उगाच वाढवून सांगतात, हेही सांगितले. ती ट्रंका भरत होती. मी म्हणालो, सामान बरेच आहे, दोन गाड्या सांगतो. ती म्हणाली, एका माणसाला दोन गाड्या कशाला?
मुलांना घेऊन ती माहेरी चालली आहे. चार दिवसांपूर्वीच ठरले म्हणे. मला कागद आला नव्हता.