अर्ध्या पापडाचा संयम

४ जून २०१८, सोमवार
डॉ. सलीम मॅडमनी दोघांनाही झापलं. बीपी काठावर, माझं आणि बायकोचं, कुसुमचंही. अजून गोळी नको, पण पापड, लोणचं, फरसाण बंद. रोज चालायचं. महिन्याने पुन्हा दाखवायचं. कुसुमचा चेहराच उतरला. तिची आई याच दुखण्यात अर्धांगवायूने गेली. म्हटलं, अगं, मी आहे ना! डोक्यावर फरश्या वाहून धायरीत स्वतःचं टाइल्सचं दुकान टाकलं, तिथे बीपीची काय कथा? तिला वळण लावायचं काम माझं.

७ जून
एकदम बंद केलं की शरीराला शॉक बसतो. म्हणून पापड घ्यायचा, पण अर्धाच खायचा. उरलेला ताटात डोळ्यांसमोर ठेवून उठायचं. याला म्हणतात विल पॉवर. कुसुमने बघून शिकावं एवढाच हेतू.

१२ जून, सकाळ
वॉकला निघालो. कोपऱ्यावर शेजारचा जयसिंग भेटला, वडापावच्या गाडीपाशी. माणूस तोडता येत नाही. दोन घेतले, एकच खाल्ला. दुसरा घरी आणून ठेवला. कुसुम एकटीच देवळापर्यंत चालून आली. प्रगती आहे.

१९ जून, दुपार
वाईट वाटलं. जेवून आडवा झालो, तर स्वयंपाकघरातून कुर्रम् आवाज. टिचकी मारून फरशीतली चीर ओळखणारे कान माझे. पापडच! जाऊन चांगलं सुनावलं, मी समोरचा सोडून उठतो, तुला एवढं जमू नये? तिच्या हातात माझंच ताट, घासायला घेतलेलं. घास गिळून म्हणाली, अहो, अन्न टाकायचं कसं? पळवाटा!

२५ जून
बाकरवडी, शेव, कैरीचं लोणचं, सगळं अर्धं. गिऱ्हाइकांनाही सांगतो, बाथरूमला खरखरीत टाइल्स घ्या आणि मीठ कमी खा. एकजण म्हणाला, आधी रेट कमी करा.

२ जुलै, सोमवार
माझं बीपी उतरलं. डॉक्टर म्हणाल्या, शाब्बास.
कुसुमचं चढलं. गोळी सुरू, बहुतेक कायमची.
डॉक्टरांनी विचारलं, खाता काय? मीच मध्ये बोललो, मॅडम, हिला संयम नाही, चोरून पापड खाते. कुसुम खाली बघत म्हणाली, मी वेगळं काहीच घेत नाही, ह्यांच्या ताटात उरतं तेवढंच.
डॉक्टर म्हणाल्या, वा सर्जेराव! खायचं तुम्ही, भोगायचं त्यांनी.
लग्नापासून ती माझ्यामागून जेवते. उरलेलं कुठे जातं, कधी विचारलंच नाही.

३ जुलै, रात्री
आज दोघं बरोबर जेवलो. भाजी अळणी. तिने विचारलं, मीठ देऊ का? नको म्हटलं. गोळी घेतल्यावर ती म्हणाली, जाऊ द्या हो, तुमचं तरी उतरलं.
आणि खरंच खूश होती. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.