हो साहेब, फार त्रास दिला

वेल्डन क्रीक, आयोवा
४ मार्च, रविवार

प्रिय दोमी ताई,

तुझ्या गुडघ्याला आता आराम असेल अशी आशा करते. आम्ही इथे ठीक. दारातला बर्फ अजून हललेला नाही. आज तमालेस वाफवले, सारणाचं पीठ गुंडाळायला मक्याची पानंही मिळाली, पण आपल्याकडची चव काही आली नाही. इथल्या मिरचीला तिखटपणा कमी आणि मिजास जास्त.

तुझा लेक नाऊम फोनवर येत नाही म्हणून तू रागावलीस. अगं, त्याला काम असतं. मांसाच्या कारखान्यात डुकरं काही आपल्या सोयीने येत नाहीत.

एक नवलाची गोष्ट सांगते. मी शाळेत जायला लागलेय. पन्नाशीला टेकलेली तुझी बहीण वाचनालयात संध्याकाळी इंग्रजी शिकते. शिकवणाऱ्या मिसेस हॉल्वरसन पूर्वी कोर्टात कारकून होत्या, आणि सध्या आमचे गुन्ह्याचे आणि कायद्याचे शब्द चाललेत. आपण स्पॅनिशमध्ये एक 'रोबार' म्हणून मोकळे होतो, पण यांच्यात चोरीची तीन नावं. गुपचूप उचललं तर एक, धमकावून घेतलं तर दुसरं, घरात शिरून नेलं तर तिसरं, आणि प्रत्येकाची शिक्षा वेगळी. परवा मिसेस म्हणाल्या, "प्रत्येकाने एकेक सेंटेन्स करा." यांच्यात सेंटेन्स म्हणजे वाक्यही आणि शिक्षाही. आमच्या वर्गातला होंडुरासचा वेन्सेस्लाओ म्हणाला, "बाई, मी काही केलेलं नाही, मला नको." मग बेड्यांचा शब्द आला. आपल्याकडे बेड्याही 'एस्पोसास' आणि बायकाही 'एस्पोसास', हे ऐकून मिसेसना इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. वेन्सेस्लाओ म्हणतो, "हसू नका बाई, माझ्या हातात दोनदा पडल्यात."

तू म्हणशील, बाजारहाटाचे शब्द सोडून हिला चोर-दरोडेखोरांचे कशाला हवेत.

ताई, पानभर इकडचं तिकडचं लिहिलं, आता ढकलायला जागा उरली नाही. नाऊम तुरुंगात आहे. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

त्याने कुणाला मारलं नाही, काही चोरलं नाही. कामावरून येताना कोपऱ्यावरच्या घरापुढे उभ्या गाडीचे दिवे चालू दिसले. तिथे एक म्हातारी एकटी राहते. सकाळी तिची गाडी सुरू होणार नाही, म्हणून हा सांगायला गेला. दार उघडेना, तेव्हा खिडकी वाजवली. ती घाबरली आणि तिने पोलीस बोलावले. त्यांच्यापुढे याने लगेच माफी मागितली, की बाईंना उगाच मोलेस्तार केलं, त्रास दिला. तो शब्द इंग्रजीतही आहे, शेवटची दोन अक्षरं खाल्ली की झालं, म्हणून याने तोच वापरला. तर त्यावर त्याला धरूनच नेलं.

सरकारने दिलेला वकील भला माणूस आहे. आपली भाषा शाळेत शिकलाय, त्यामुळे दुभाष्या लागत नाही. त्याने विचारलं, "बाईला मोलेस्तार केलंस का?" नाऊम म्हणाला, "हो साहेब, फार त्रास दिला." वकिलाने पुढे काही विचारलंच नाही. बाहेर लोक खोळंबले होते.

येत्या गुरुवारी नाऊमने कोर्टात 'गिल्टी' म्हणायचं, म्हणजे गुन्हा कबूल करायचा, आणि मग शिक्षा कमी होईल, असं ठरलंय. खिडकी वाजवल्याची एवढी मोठी शिक्षा कशी, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. म्हणून शाळेत जाते. त्यांचा कागद मला वाचता यायला हवा.

फोनवर हे सांगता आलं नसतं. तू आधी रडतेस, मग मी रडते, आणि बोलायचं राहून जातं. हे पत्र पोचेपर्यंत गुरुवार उलटून गेला असेल, तरी मेणबत्ती लाव. देवाला तारखांचं काय?

तुझी धाकटी,
ओब्दुलिया


१२ मार्च

ताई,

ख्यालीखुशाली नंतर.

मंगळवारी मिसेसनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि तो मोठ्याने वाचला नाही. म्हणाल्या, "शब्द वाईट आहे, पण ओळखता यायला हवा." मी वाचला. मोलेस्ट. मी म्हटलं, "यात वाईट काय? शेजारीण मला रोज करते." सगळा वर्ग हसला. मिसेस हसल्या नाहीत. मला बाहेर घेऊन गेल्या आणि कुणी मला काही केलंय का, असं हळूच विचारायला लागल्या. तेव्हा कुठे उलगडा झाला. आपल्याकडे ज्या शब्दाचा अर्थ त्रास देणं, त्याचाच अर्थ यांच्याकडे अंगाला हात घालणं. बाईच्या, नाहीतर लहान लेकराच्या. आणि तुझ्या मुलाने तेच कबूल केलं होतं, अदबीने, पोलिसांपुढे आणि वकिलापुढेही. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसेस मला घेऊन वकिलाकडे गेल्या. मी म्हटलं, "साहेब, माझी बहीण पात्झक्वारोला हॉटेलात खोल्या झाडायची. तिथे प्रत्येक दाराला पाटी असते, 'नो मोलेस्तार'. म्हणजे झोपमोड करू नका. तुमच्या हिशेबाने त्या पाटीवर काय लिहिलंय?" त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मीही त्याला त्याच शब्दात विचारलं." बिचारा कानापर्यंत लाल झाला. तेव्हा मला त्याची दया आली नाही. आत्ता लिहिताना येतेय.

वाटलं, सुटलो. पण तुझा मुलगाच अडून बसला. दुपारी तुरुंगात भेटले, तर म्हणतो, "मावशी, त्रास तर मी दिलाच ना? म्हातारी थरथर कापत होती. आई सांगते, समोरचा दुखावला तर चूक आपली म्हणावी आणि वाद मिटवावा."

"वाद नाही रे, खटला आहे," मी म्हटलं.

"आणि नाही म्हटलं तर साहेब लोक आणखी चिडतील."

मग मला त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागला. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांआडूनच बोलला, "ती आजीच्या वयाची आहे गं." आणि मग, "आईला यातलं काही कळवलंस?"

गुरुवारी कोर्टात या वेळी दुभाष्या होता. न्यायाधीश बाईंनी विचारलं, गिल्टी की नॉट गिल्टी? नाऊमने माझ्याकडे पाहिलं. ताई, आपल्या घराण्यात खुर्चीतल्या माणसापुढे कुणी कधी 'नाही' म्हटलेलं नाही. जमीन गेली तेव्हा बाबा टोपी हातात घेऊन उभे राहिले. तू हॉटेलात मान डोलावलीस, मी कारखान्यात डोलावते. हा पोरगा ताठ झाला आणि दुभाष्यासाठी न थांबता इंग्रजीत म्हणाला, "नॉट गिल्टी." आवाज कापत होता, पण एकही अक्षर खाल्लं नाही. मला इतका अभिमान वाटला की हुंदका आवरेना. शिपायाने मला बाहेर जायची खूण केली, मी गेले नाही.

बाईंनी वकिलाचं ऐकून त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. शुक्रवारी वकिलाचा माणूस म्हातारीकडे जाऊन आला. ती म्हणाली, त्याने मला बोटही लावलं नाही, मला तर चोर वाटला. आणि त्या रात्रीनंतर सकाळी गाडी खरंच सुरू झाली नव्हती, हेही तिने आपणहून सांगितलं. वकील म्हणतो, खटला आता मागे घेतील. कागद यायचाय, पण मला धाकधूक वाटत नाही. आला की मीच वाचेन.

नाऊम जरा वाळलाय. काल चार तमालेस खाल्ले आणि चवीला नावं ठेवली, तेव्हा मला बरं वाटलं. तो तुला फोन करणार आहे, नुसता धीर गोळा करतोय. करेल तेव्हा पहिल्याच शब्दाला माफी मागायला लागेल. त्याला मागू देऊ नकोस.

तुझ्या निर्दोष लेकाची मावशी,
ओब्दुलिया